एक्सेल, कॅल्क, गूगल शीट्स: फाईल हलवताना आकडे, तारखा आणि मराठी कशी सांभाळायची

एक्सेलमध्ये तयार केलेली यादी गूगल शीट्सवर चढते, तिथून कुणीतरी ती लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतं आणि शेवटी ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मूल्यं वेगळी केलेली साधी मजकूर फाईल) होऊन बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवर जाते. या प्रवासात कॉलमची रुंदी, रंग, फॉन्ट बदलले तर ते लगेच डोळ्यांत भरतं आणि दुरुस्तही होतं. खरं नुकसान न दिसणारं असतं. खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, ५ जूनची ६ मे होते, गट क्रमांकाची तारीख होते, आणि फाईल मात्र व्यवस्थित उघडलेली दिसते.

हे का होतं ते समजलं की निम्मं काम झालं. प्रत्येक सेलमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: आतलं मूल्य, त्याचा प्रकार (मजकूर, संख्या की तारीख) आणि पडद्यावर दिसणारं रूप. तुम्हाला १२-०३-२०२५ दिसतं, पण आत ४५७२८ हा आकडा असतो. एक्सेलची स्वतःची फाईल किंवा कॅल्कची ओडीएस फाईल या तिन्ही गोष्टी साठवते. सीएसव्ही फक्त मजकूर साठवते, आणि एक्सेलमधून सीएसव्ही करताना तर पडद्यावर जे रूप दिसतंय तेवढंच लिहिलं जातं. पलीकडचा प्रोग्रॅम ती अक्षरं वाचून मूल्य आणि प्रकार स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. बिघाड या अंदाजात असतो. तो अंदाज प्रोग्रॅमला करू न देणं, प्रकार आपण आधी सांगणं, हाच सगळ्यावरचा उपाय आहे.

आधी मूळ फाईल बाजूला ठेवा

आलेल्या फाईलची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि मूळ प्रत "रीड ओन्ली" करून ठेवा. बहुतेक चुका नुसत्या उघडण्याने कायमच्या होत नाहीत. चुकीची उघडलेली फाईल त्याच नावाने सेव्ह केली की त्या पक्क्या होतात. मूळ प्रत हाताशी असेल तर पुढचं काहीही पुन्हा करता येतं.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका

डबल-क्लिक केलं की एक्सेल सहसा काहीही न विचारता प्रकार ठरवून मोकळं होतं. त्याऐवजी कोरी फाईल उघडा आणि "डेटा" टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" घ्या. येणाऱ्या खिडकीत तीन खाने असतात. "फाईल ओरिजिन"मध्ये "६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)" निवडा, म्हणजे मराठी अक्षरं नीट वाचली जातील. "डिलिमिटर"मध्ये (मूल्यं वेगळी करणारं चिन्ह) स्वल्पविराम आहे का बघा. तिसरा खाना, "डेटा टाईप डिटेक्शन", सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. तिथे "डू नॉट डिटेक्ट डेटा टाईप्स" निवडा, म्हणजे सगळे कॉलम मजकूर म्हणून येतील. रकमेच्या कॉलमचा प्रकार नंतर आपण बदलायचा.

जुना तीन पायऱ्यांचा विझार्ड हातात बसला असेल तर "फाईल", "ऑप्शन्स", "डेटा" इथे जाऊन लेगसी विझार्डपैकी "फ्रॉम टेक्स्ट"वर खूण करा. त्याच्या तिसऱ्या पायरीत प्रत्येक कॉलमला "टेक्स्ट" किंवा "डेट: डीएमवाय" (दिवस-महिना-वर्ष) असं वेगळं सांगता येतं. तारखांसाठी हा विझार्ड अजूनही जास्त सोयीचा आहे.

गूगल शीट्समध्ये "फाईल", मग "इम्पोर्ट". शेवटच्या खिडकीत मजकुराचं संख्या, तारखा आणि फॉर्म्युल्यांत रूपांतर करण्याची खूण आधीपासून केलेली असते, ती काढा. कॅल्क याबाबतीत तिघांत सगळ्यात शहाणं: सीएसव्ही उघडताना ते स्वतःहून खिडकी दाखवतं. कॅरॅक्टर सेट "युनिकोड (यूटीएफ-८)" ठेवा, खालच्या नमुन्यात कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून "टेक्स्ट" किंवा "डेट (डीएमवाय)" निवडा, आणि "डिटेक्ट स्पेशल नंबर्स"वरची खूण काढलेली आहे ना ते बघा.

लांब आकडे

तिन्ही प्रोग्रॅम संख्या ज्या पद्धतीने साठवतात, तिच्यात सुमारे १५ अंक अचूक राहतात. १६ अंकी खाते क्रमांक एक्सेलने संख्या म्हणून घेतला की सोळावा अंक शून्य होतो, आणि तो अंक फाईलमधून कायमचा गेलेला असतो. सेलचा प्रकार नंतर "टेक्स्ट" केल्याने परत येत नाही.

१२ अंकी आधार क्रमांक १५ अंकांच्या आत बसतो, म्हणून तो सुरक्षित आहे असं वाटतं. नाही. "जनरल" फॉरमॅटमध्ये एक्सेल १२ अंकांपासून पुढची संख्या घातांकाच्या रूपात दाखवतं. समजा मूळ आकडा १२३४५६७८९०१२ आहे. पडद्यावर दिसतं १.२३४५७ई+११. आतलं मूल्य अजून शाबूत असतं. फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण आकडा दिसतो, आणि सेलचा फॉरमॅट "नंबर", दशांश स्थळं शून्य केलं की सेलमध्येही दिसायला लागतो. पण याच अवस्थेत सीएसव्ही सेव्ह केली तर फाईलमध्ये १.२३४५७ई+११ हेच लिहिलं जातं. ती पुन्हा उघडून फॉरमॅट बदलला की मिळतं १२३४५७००००००. ज्या यादीत ओळखक्रमांकांच्या शेवटी अशी शून्यांची रांग दिसेल ती यादी वापरू नका, मूळ फाईल मागवा.

सुरुवातीच्या शून्यांचंही हेच. ०२२ हा मुंबईचा एसटीडी कोड संख्या झाला की २२ उरतो. शाखेचे कोड, हजेरी क्रमांक, पावती क्रमांक, शून्याने सुरू होणारे खाते क्रमांक, सगळे या फेऱ्यात सापडतात. कसोटी सोपी आहे: ज्या आकड्यांची कधी बेरीज करायची नसते ते आकडे मजकूर असतात. कॉलम रिकामा असतानाच त्याला एक्सेलमध्ये "टेक्स्ट" आणि गूगल शीट्समध्ये "फॉरमॅट", "नंबर", "प्लेन टेक्स्ट" द्या, मग टाईप किंवा पेस्ट करा. पेस्ट करताना "मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग" किंवा फक्त मूल्यं निवडा, नाहीतर आलेल्या मजकुराबरोबर त्याचा जुना फॉरमॅटही येऊन बसतो. आकड्याआधी एकेरी अवतरण टाकायची युक्ती एक्सेलच्या आत चालते. पण काही जण ते चिन्ह सीएसव्हीमध्येच हाताने लिहून ठेवतात, मग पलीकडचं पोर्टल ते खाते क्रमांकाचाच भाग समजतं आणि ओळ नाकारतं.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर "फाईल", "ऑप्शन्स", "डेटा" इथे "ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन" हा भाग आहे. सुरुवातीची शून्यं काढणं, लांब आकडे १५ अंकांवर तोडणं, मधल्या 'ई' अक्षरामुळे घातांक समजणं, अक्षरं-आकड्यांच्या जोडीची तारीख करणं या चारही सवयी तिथे बंद करता येतात. ही सेटिंग तुमच्या मशीनपुरती असते, फाईलबरोबर जात नाही. समोरच्याच्या मशीनवर ती बंद असेलच असं धरू नका.

गट क्रमांक, फ्लॅट क्रमांक

जमिनीच्या याद्यांमध्ये हा त्रास पावलोपावली आहे. गट क्रमांक १२/३ टाईप केला की भारतीय सेटिंगच्या एक्सेलमध्ये तो १२ मार्च होतो, अमेरिकी सेटिंगमध्ये ३ डिसेंबर. ७/१२ सुद्धा तारीख होते. उपविभाग असलेला १२/३/१ हा १२ मार्च २००१ होतो. आता कुणी म्हणेल, कॉलम "टेक्स्ट" करू म्हणजे झालं. तसं केलं की ४५७२८ सारखा पाच अंकी आकडा समोर येतो, कारण तारखेचं आतलं मूल्य तेच असतं. अशा यादीत गट क्रमांकाच्या कॉलममध्ये ४५ हजारांच्या आसपासचे आकडे दिसले तर ते बिघडलेले गट क्रमांक आहेत असं खुशाल समजा. किती बदललेत हे कळलं नाही तर हाताने सुधारत बसू नका, मूळ यादीतून तो कॉलम पुन्हा आणा.

फ्लॅटच्या यादीत 'ई' विंगचे क्रमांक १ई२ असे लिहिले असतील तर त्याचे १०० होतात. मध्ये आडवी रेघ घालून १-ई-२ लिहिलं की हा धोका टळतो. हा त्रास आपल्याकडच्या कार्यालयांपुरता नाही. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' यांसारखी जनुकांची नावं बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं.

तारखा

०५/०६/२०२४ ही आपल्याला ५ जून, अमेरिकी सेटिंगला ६ मे. एक्सेल दिवस-महिन्याचा क्रम विंडोजच्या "रीजन" सेटिंगमधून घेतं. गूगल शीट्समध्ये प्रत्येक फाईलला स्वतःचं लोकेल (देश-भाषेची सेटिंग) असतं. "फाईल", "सेटिंग्ज", "लोकेल" इथे "इंडिया" आहे का ते इम्पोर्ट करण्याआधी बघा, नंतर नाही. कॅल्कमध्ये "टूल्स", "ऑप्शन्स", "लँग्वेजेस अँड लोकेल्स" इथे ते मिळतं.

चुकीच्या लोकेलमध्ये आलेला तारखांचा कॉलम ओळखायची खूण पक्की आहे: काही तारखा सेलच्या उजवीकडे, काही डावीकडे. ज्यात दिवस १२ पर्यंत होता त्या उलटून तारखा झाल्या आणि उजवीकडे गेल्या. १३ ते ३१ दिवसांना महिना म्हणून जागाच नव्हती, म्हणून त्या मजकूर राहिल्या आणि डावीकडे थांबल्या. अर्थात कॉलमला कुणी मुद्दाम मध्यभागी अलाइनमेंट दिली असेल तर ही खूण पुसली जाते. तेव्हा शेजारच्या कॉलममध्ये "इझनंबर" फंक्शन लावून बघा: खरी तारीख असेल तर "ट्रू" येतं, मजकूर असेल तर "फॉल्स".

इथे एक फसवा उपाय आहे. लोक "टेक्स्ट टू कॉलम्स" वापरून डावीकडच्या तारखा डीएमवाय करून घेतात. त्या बरोबर होतात, सगळा कॉलम एकसारखा उजवीकडे जातो आणि काम झालं असं वाटतं. पण आधीच उलटलेल्या तारखा तशाच चुकीच्या राहतात, आणि आता त्या ओळखायची खूणही गेलेली असते. म्हणून असा कॉलम दिसला की तो जागेवर दुरुस्त करू नका. फाईल बंद करा, लोकेल बदला, पुन्हा इम्पोर्ट करा.

पाठवणारे तुम्ही असाल तर सीएसव्ही करण्याआधी तारखेला २०२४-०६-०५ असं वर्ष-महिना-दिवस रूप द्या. या क्रमाचा गोंधळ कुठल्याही लोकेलमध्ये होत नाही.

सगळ्या तारखा सरसकट चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर कारण वेगळं आहे. जुन्या मॅक एक्सेलच्या फायली दिवस १९०४ पासून मोजतात, विंडोजच्या १९०० पासून. फरक बरोबर १,४६२ दिवसांचा. फाईल उघडताना सहसा हे आपोआप जुळवून घेतलं जातं, पण एका फाईलमधून दुसरीत कॉपी-पेस्ट करताना घोटाळा होतो. रिकाम्या सेलमध्ये १४६२ लिहा, कॉपी करा, तारखा निवडून "पेस्ट स्पेशल"मधून "ॲड" किंवा "सबट्रॅक्ट" करा.

१९०० च्या आधीच्या तारखा एक्सेलला तारखा म्हणून कळतच नाहीत, तो त्यांना मजकूर समजतो. कॅल्क आणि गूगल शीट्सला त्या कळतात. जुने फेरफार, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, घराण्याची वंशावळ अशा कामात वर्ष, महिना, दिवस यांचे तीन वेगळे कॉलम करा. ते सगळीकडे सारखे चालतात आणि सॉर्टही नीट होतात.

मराठी मजकूर

तीन बिघाड एकमेकांसारखे दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मजकूर गेला. एक्सेलमध्ये साधा "सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)" पर्याय वापरला की असं होतं. त्या जुन्या अक्षरसंचात देवनागरीला जागाच नाही. रुपयाचं ₹ चिन्हसुद्धा तिथे प्रश्नचिन्ह होतं. एक्सेल २०१६ पासून सेव्हच्या यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" हा वेगळा पर्याय असतो, मराठी असेल तर तोच वापरा.

प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर खुणा असलेली युरोपीय अक्षरं दिसली तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या संचात वाचला गेलाय. सेव्ह न करता बंद करा आणि वर सांगितलं तसं ६५००१ निवडून पुन्हा आणा. गूगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक केली की हमखास असं होतं, कारण त्या फाईलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ असल्याची अदृश्य खूण नसते. एक्सेल ती खूण घालतं. याची दुसरी बाजू अशी की काही पोर्टलना ती खूण चालत नाही. पहिल्या कॉलमचं शीर्षक बरोबर असूनही "कॉलम सापडला नाही" असा निरोप येतो. मग फाईल नोटपॅडमध्ये उघडून "सेव्ह ॲज"मध्ये एन्कोडिंग "यूटीएफ-८ विथ बीओएम" ऐवजी नुसतं "यूटीएफ-८" करा.

तिसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. श्री-लिपी, शिवाजी, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमधल्या फायलींत आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर अगम्य अक्षरं दिसतात, आणि फॉन्ट असला तरी सॉर्ट आणि शोध चुकतो. त्या त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. फक्त मराठीचे कॉलम कन्व्हर्टरला द्या. इंग्रजी नावं, ईमेल, आयएफएससी कोड त्यातून गेले तर त्यांचंही "मराठी" होऊन बसतं.

युनिकोड झाल्यावरही एक खोडी उरते, आणि ती मराठीचीच आहे. कऱ्हाड आणि कर्‍हाड, दोन्ही दिसायला सारखे. पण पहिल्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की पद्धत बदलते. "लेन" फंक्शन लावलं तर पहिल्याची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. दोन तालुक्यांच्या याद्या व्ही-लुकअपने जोडताना सगळी गावं जुळतात आणि नेमकी कऱ्हाड, कोऱ्हाळे अशीच सुटतात, ती यामुळे. सबस्टिट्यूट फंक्शनने र, हलन्त आणि युनिकॅर ८२०५ (तेच अदृश्य जोडचिन्ह) या जोडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालून नवा कॉलम करा, दोन्ही याद्यांत. तेवढ्यानेही जुळलं नाही तर नावांच्या शेवटी जागा चिकटली आहे का बघा. वेबसाईटवरून कॉपी केलेली जागा बऱ्याचदा वेगळी असते, ट्रिम फंक्शनने जात नाही; युनिकॅर १६० ला सबस्टिट्यूटने काढावं लागतं.

अंकांबद्दल एकच: हिशोबाच्या कॉलममध्ये इंग्रजी अंक ठेवा. देवनागरी अंक एका प्रोग्रॅममध्ये चालले तरी दुसऱ्यात मजकूर ठरू शकतात, आणि "सम" फंक्शन मजकूर मुकाट्याने वगळतं. बेरीज कमी येते, चूक दाखवली जात नाही. लाख-कोटींचे स्वल्पविराम हे नुसतं रूप आहे, दुसऱ्या मशीनवर १२,३४,५६७ चं १,२३४,५६७ दिसलं तर रक्कम बदललेली नसते. सीएसव्ही करताना मात्र ते स्वल्पविराम काढून टाका.

फॉर्म्युले आणि मॅक्रो

गूगल शीट्समधली क्वेरी, इम्पोर्टरेंज, गूगलफायनान्स ही फंक्शनं एक्सेलमध्ये नाहीत. तरीही फाईल एक्सेल स्वरूपात उतरवल्यावर सेलमध्ये बरोबर आकडे दिसतात, आणि तेच धोक्याचं आहे. गूगल त्या जागी "डमीफंक्शन" नावाचा पोकळ फॉर्म्युला आणि उतरवण्याच्या वेळचं उत्तर घालून देतं. मूळ डेटा बदलला तरी ते उत्तर बदलत नाही. एक्सेलमध्ये "फाइंड" उघडून, "वर्कबुक" आणि "फॉर्म्युलाज" निवडून "डमीफंक्शन" हा शब्द इंग्रजीत शोधा. सापडला तर तो भाग पिव्होट टेबलने किंवा साध्या फंक्शनांनी पुन्हा बांधा.

उलट दिशेला, एक्स-लुकअप, फिल्टर, युनिक ही फंक्शनं एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहेत, २०१६ आणि २०१९ मध्ये नाहीत. कॅल्कमध्ये ती २४.८ आवृत्तीपासून आली. समोरच्याची आवृत्ती माहीत नसेल तर इंडेक्स आणि मॅच वापरा, ती सगळीकडे चालतात.

कॅल्क एक्सेलची फाईल उघडताना सहसा फॉर्म्युले पुन्हा मोजत नाही, साठवलेली उत्तरं दाखवतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबून सगळं पुन्हा मोजून घ्या; चुका असतील तर तेव्हाच दिसतील.

व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमध्ये कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) गूगल शीट्समध्ये चालत नाहीत, कॅल्कमध्ये काही चालतात, काही नाही. उघडायला पासवर्ड लावलेली एक्सेल फाईल गूगल शीट्समध्ये नेण्याआधी पासवर्ड काढा.

मर्यादा

जुन्या एक्सएलएस स्वरूपात ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम. कॅल्क ७.४ पासून तितकंच, त्याआधी कॉलम १,०२४. गूगल शीट्स एकूण १ कोटी सेलपर्यंत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जवळपास १६ हजार कोव्हिड रुग्णांच्या नोंदी मोजणीतून सुटल्या, त्या एक्सएलएसच्या याच ओळींच्या मर्यादेमुळे. तुमच्या सॉफ्टवेअरचं "एक्स्पोर्ट टू एक्सेल" बटण अजूनही एक्सएलएस देत असेल आणि यादी ६५ हजारांच्या जवळ जात असेल तर सीएसव्ही घ्या. सीएसव्ही करताना सहसा फक्त समोर उघडं असलेलं शीट जातं, बाकीची वेगळी सेव्ह करावी लागतात.

पाठवण्याआधी ताळा

मूळ फाईलमध्ये चार आकडे काढून कागदावर लिहा: ओळींची संख्या, रकमेची बेरीज, खाते क्रमांकाच्या कॉलमवर "लेन" लावून आलेली सगळ्यात लहान आणि मोठी लांबी, आणि सगळ्यात जुनी व नवी तारीख. नव्या प्रोग्रॅममध्ये तेच चार काढा. ओळी कमी भरल्या तर मर्यादा किंवा पत्त्यातले स्वल्पविराम तपासा. बेरीज कमी आली तर मजकूर झालेल्या रकमा. लांबी घटली तर सुरुवातीची शून्यं. तारीख भविष्यातली निघाली तर दिवस-महिना उलटलाय. सीएसव्ही तपासताना ती नोटपॅडमध्येच उघडा, एक्सेलमध्ये नाही. पोर्टलवर पूर्ण यादी चढवण्याआधी पाच ओळींची चाचणी फाईल चढवा. त्यात एक १६ अंकी खाते क्रमांक, एक शून्याने सुरू होणारा, १३ तारखेनंतरची एक तारीख, पत्त्यात स्वल्पविराम असलेली एक ओळ आणि ऱ्या किंवा ऱ्ह असलेलं एक नाव मुद्दाम घाला.